छावणीतली पेल एल, शॉपीतली स्ट्राँग

हिंगोलीत बिअर शॉपीच्या काउंटरवर गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं. थंड आहे का? आणि स्ट्राँग आहे ना? बिअर कोणत्या प्रकारची, हे विचारणारा माणूस आला तर दुकानदार त्याला बाहेरगावचा समजतो. वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात माझी नोकरी बिअर आंबवण्याची. या दोन प्रश्नांनीच एक अख्खी बिअर देशातून उठवली, असं माझं मत आहे. तिचं नाव पेल एल. विलायतेत तिच्या लेबलावर पुढे ‘इंडिया’ लावत. त्या इंडियात आता ती पुण्या-मुंबईसारख्या शहरांतल्या पबांत शोधावी लागते.

हिंगोलीचा आणि तिचा काय संबंध? निजामाच्या मुलखात हिंगोलीला इंग्रजांची छावणी होती, हैदराबाद कंटिंजंटची. जालना, मोमिनाबाद (आजचं अंबाजोगाई), औरंगाबाद ही तिचीच भावंडं. या फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. म्हणजे मेसमधल्या बिअरचं बिल एका अर्थी वऱ्हाडातला कुणबीच भरत होता. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली.

या फौजेत शिपाई देशी, फक्त वरचे अधिकारी गोरे. हा फरक बिअरच्या हिशोबात महत्त्वाचा. गोऱ्या शिपायांची बिअर म्हणजे काळपट पोर्टर. तीही जहाजं भरभरून भारतात येई. पेल एल ही अधिकाऱ्यांची, व्यापाऱ्यांची, कलेक्टरांची. हिंगोलीसारख्या ठिकाणी गिऱ्हाईक म्हणजे बंगल्यांत राहणारे मूठभर साहेब. बाकी छावणीसाठी शिंदी होती, मोहाची होती.

आता पेल एलचा प्रवास बघा. लंडनच्या पूर्वेला बो इथं हॉजसन नावाच्या माणसाची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ. कप्तान मंडळी तिथून उधारीवर पिंपं उचलत. सुएझ कालवा नव्हता, तो १८६९ चा. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार-सहा महिन्यांनी जहाज मुंबईला लागे. पुढे हिंगोलीपर्यंत बैलगाडी. १८६० च्या दशकात रेल्वे अकोल्यापर्यंत आली, तरी तिथून पुढे बैलच.

एवढ्या उन्हातान्हात बिअर टिके कशी, हा माझ्या धंद्यातला सगळ्यात गोड प्रश्न. हॉप्सची फुलं उकळली की त्यातल्या आम्लांचं रूप बदलतं आणि कडू चव उतरते. हाच कडूपणा बिअर आंबट करणाऱ्या लॅक्टोबॅसिलसला वाढू देत नाही. दह्याचं विरजण लावणारे जिवाणू याच गोतावळ्यातले, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात ते किती वेगाने काम करतात हे सांगायला नको. पेल एलमध्ये हॉप्स सढळ हाताने घालत, वर पिंप बंद करताना कोरड्या हॉप्सची आणखी एक मूठ. यीस्टने साखर जवळजवळ संपवलेली असे, त्यामुळे जिवाणूंना खायला फारसं उरत नसे. उरलीसुरली साखर प्रवासात एक वेगळं, मंद यीस्ट खाई. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेनने ते इंग्रजी एलमधूनच वेगळं काढलं आणि त्याला ब्रेटानोमायसिस नाव दिलं. आम्ही आज हे यीस्ट टाकीत सापडलं तर अख्खी पाइपलाइन कॉस्टिकने धुतो. तेव्हा मात्र त्याच्याच जोरावर मुंबईत पिंप उघडल्यावर बिअर लंडनपेक्षा चांगली लागे.

मुंबईत आल्यावर रिकाम्या बाटल्यांचाही धंदा होता. सर जमशेटजी जीजीभॉय कोवळ्या वयात ज्या मामांच्या हाताखाली धंद्याला लागले, ते फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला. जुन्या बाटल्या विकणारं ते दुकान. जमशेटजींनाही लोक बाटलीवाला म्हणू लागले. पुढे बॅरोनेट झालेल्या माणसाची उमेदवारी साहेबांनी रिकाम्या केलेल्या बाटल्यांवर झाली, ही गोष्ट मला त्यांच्या रुग्णालयाइतकीच लक्षात राहते.

हॉजसनचे वारस माजले, कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवू लागले. तेव्हा १८२२ च्या सुमारास कंपनीच्या एका संचालकाने इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या ऑलसॉप या ब्रुअरला गळ घातली. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्याने हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उठतो. मराठवाड्यातलं बोअरचं पाणीही जड, पण त्याचा जडपणा बायकार्बोनेटचा, आणि तो पेल एलला मारक. म्हणून आमच्याकडे पाणी आधी आरओतून काढायचं आणि वरून जिप्सम टाकायचं, शेतकरी चोपण जमिनीत टाकतात तेच.

मग ही पेल एल मागे पडली कशी? चव बदलली, असं लोक सांगतात. मला ते पटत नाही. पहिला घाव बर्फाचा. १८३० च्या दशकात अमेरिकेतून बर्फ जहाजाने कलकत्त्याला आणि मुंबईला येऊ लागला. १८७० नंतर लिंडेच्या यंत्राने तो कुठेही करता येऊ लागला, आणि त्याच यंत्राने लागर ही दुसऱ्या जातीची बिअर आणली. एल अठरा-वीस अंशांवर आंबते, लागरला दहाच्या आसपास थंडी लागते. म्हणजे उष्ण देशाला सोयीची एल. पण गार बाटली हाताशी आल्यावर तिची सोय कोण बघतो? चार अंशांना जीभ बधिर होते, हॉप्सचा वास वर येत नाही, कडूपणा तेवढा बोचतो. लागर मात्र त्या थंडीतच शोभते.

दुसरा घाव देशी कारखान्यांचा. कसौलीला डायर नावाच्या साहेबाची, मरीला १८६० मध्ये उभी राहिलेली ब्रुअरी. डोंगरातला माल बर्टनपेक्षा स्वस्त पडू लागला. कसौलीची लायन सुरुवातीला इंडिया पेल एलच होती. १९६० च्या दशकात तिचीही लागर झाली. खुद्द इंग्लंडमध्ये १९९० च्या आसपास लागरने एलला मागे टाकलं. बर्टनमध्ये मार्स्टन्सच्या ब्रुअरीतली एल आंबवण्याची पिंपांची जुनी रचना २०२४ मध्ये बंद झाली.

आमच्याकडचा तिसरा घाव हिशोबाचा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने महाराष्ट्रात पिणाऱ्याला परमिट लागतं, म्हणून तर हिंगोलीतही पाटीवर ‘परमिट रूम’ असतं. चोरून-मारून पिण्याची सवय लागलेल्या गिऱ्हाइकाला बाटलीत चव नको असते, काम व्हायला हवं असतं. साडेचार टक्क्यांची माइल्ड आणि आठ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग यांच्या किमतीत फरक थोडाच. मग माइल्ड कोण घेईल? इंग्लंडात कर अल्कोहोलच्या प्रमाणात चढतो, म्हणून तिथं हलक्या बिअरला जागा उरली. मी स्वतः स्ट्राँग बनवतो, तिला नावं ठेवत नाही. आठ टक्क्यांवर चव स्वच्छ ठेवणं सोपं काम नाही. पण त्यातल्या हॉप्सचं वजन बघून बर्टनचा ब्रुअर हसला असता.

पुण्यात आता नळावर पेल एल पुन्हा मिळते, तरुण मुलं आवडीने पितात. पण ती पाश्चराइझ केलेली नसते, तिला शेवटपर्यंत थंड ठेवावं लागतं, आणि चार-सहा आठवड्यांत तिचा वास उतरतो. हिंगोलीच्या एका ओळखीच्या दुकानदाराला मी सुचवून पाहिलं होतं. त्याने मे महिन्यातली लोडशेडिंग, गाडीभाडं आणि गिऱ्हाइकांची संख्या बोटांवर मोजली आणि चहा मागवला. जहाज आणि बैलगाडीवरून उघड्या उन्हात पोचणारी बिअर आज डांबरी रस्त्याने एका रात्रीत आणायची, तरी तिला फ्रीजची गाडी लागते आणि त्या गाडीचं भाडं आमच्या गावाला परवडत नाही.