शेंडा आणि फांदी

'फर' नावाचे झाड आम्ही शिंदखेडेकरांनी पाहिले ते फक्त नाताळच्या शुभेच्छापत्रावर! खरे फर हिमालयातले. २००० मीटरच्याही वर, बर्फाच्या शेजारात वाढणारे. बुराईच्या काठी, जिथे मे महिन्यात पारा ४२ अंश ओलांडतो, तिथे त्याने यावे तरी कशाला? रोपवाटिकेत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळते ते फर नव्हेच. ते अरोकेरिया. त्याचे गणगोत प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे. त्यांतले नॉरफोक बेट १७७४ साली कॅप्टन कुकला दिसले, तेव्हा ही सरळसोट झाडे पाहून त्याला जहाजांच्या डोलकाठ्या सुचल्या.

असे एक झाड सहा वर्षांपासून आमच्या अंगणात, कुंडीत उभे आहे. थोरल्या भावाने ते नाशिकहून आणले आणि वर्षभरात तो नोकरीसाठी सुरतेला गेला. झाड माझ्याकडे आले. आजीने विचारले, "या झाडले काय लागस रे भाऊ?" काहीच लागत नाही म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. तिचेही खरेच होते. उन्हाळ्यात जिथे पाणी हंड्याने मोजायचे, तिथे ना फळ ना सावली अशा परक्याला तांब्याभर तरी का द्यावे? तोडगा मात्र तिनेच काढला. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी झाडाचे!

त्याचे लाड फार नाहीत, पण नेमाचे आहेत. कुंडीच्या तळाशी भोक हवे, मातीत वाळू हवी. पाणी साचले की मुळे कुजतात. दुपारी निंबाची सावली, संध्याकाळी पानांवर पाण्याचा शिडकावा. आठवड्याला कुंडी थोडी फिरवायची, नाहीतर झाड उजेडाकडे झुकते. आणि उन्हाच्या झळांनी खालची फांदी एकदा वाळली, की तिच्या जागी दुसरी फुटत नाही.

यंदा भावाचा फोन आला, "एक फांदी पाठव, इथे गॅलरीत लावतो." मी वनस्पतिशास्त्राच्या सरांना विचारले. ते म्हणाले, "बाजूची फांदी लावली तर मूळ धरील, पण आडवीच वाढेल. आपण फांदी आहोत हे ती विसरत नाही. सरळ झाड हवे तर शेंडाच कापावा लागेल. मग इथल्या झाडाचा डौल गेला म्हणून समज."

मी बराच वेळ कात्री हातात धरून उभा होतो. शेंडा द्यावा तर इथले झाड बिघडते. फांदी द्यावी तर तिथे झाड उभे राहत नाही. आमच्या स्टेशनावरून सुरतेच्या गाडीत चढणाऱ्या पोरांच्या घरी हा हिशेब कोणाला नवा आहे?

मी काहीच कापले नाही. भावाला कळवले, "दोन दिवाळ्या चुकल्या, आता ये. नवा मजला चढला आहे. आणि हल्ली कुंडी आजीच फिरवते."