बालाघाटातला एक हगामा

बीड जिल्ह्यातल्या चैत्रातल्या जत्रांना एवढी गर्दी का होते, हे समजायचं तर साखर कारखान्यांचा पट्टा कधी पडतो ते विचारावं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज इकडची गावंच्या गावं उठतात. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ट्रॅक्टरच्या मागं बांधलेला संसार घेऊन माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. कारखाने बंद झाले की ती परततात आणि मग गावाला गावपण येतं. ग्रामदैवताची पालखी निघते, आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. मला कुस्ती आवडते ती मातीवरची, उघड्यावरची, हलगीच्या तालावरची. मॅटवरची कुस्ती ऑलिम्पिकला लागते हे मान्य, पण ती पाहताना माझं सगळं लक्ष गुणफलकाकडे राहतं. मातीतली कुस्ती पाहताना पैलवानाच्या पाठीवरून नजर हलत नाही. म्हणून यंदाच्या चैत्रात बीडला जायचं ठरवलं.

नगरहून बीडपर्यंत आता रेल्वे आली आहे. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती सुरू झाली. मी मात्र जामखेडवरून रस्त्यानं गेलो, कारण वाटेत सौताडा लागतो. विंचरणा नदी तिथं बालाघाटाच्या कड्यावरून खाली झेप घेते आणि दरीत रामेश्वराचं देऊळ आहे. चैत्रात धबधबा कोरडा होता. उघडा कातळ बघून मन खट्टू झालं, पण दरीतली सावली आणि गारवा सोडवेना. त्यानंतरचा दिवस बीडमध्ये कंकालेश्वर आणि खजाना विहीर बघण्यात गेला. हगामा पाटोदा तालुक्यात होता. गावाचं नाव मी लिहीत नाही.

पाटोदा म्हटलं की कुस्तीवाल्यांच्या तोंडी एकच नाव येतं, राहुल आवारे. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण, २०१९ ला नूर सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान. पुण्यात राहुलला रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांनी घडवलं आणि त्यांच्यानंतर काका पवारांनी. या भागातल्या कुठल्याही तालमीत जा, राहुलचा फोटो मारुतीच्या तसबिरीशेजारी दिसतो. दुष्काळी मुलखातलं पोरगं जगाच्या आखाड्यात उभं राहतं, हे इथल्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलंय.

पत्रकावर कुस्त्यांची वेळ दुपारी दोनची होती. मी दीडला पोचलो तेव्हा ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात मंडप होता, ध्वनिक्षेपक होता, पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांचे फलक होते. माती मात्र तयार नव्हती. आखाड्याची माती आठवडा-आठवडा आधी खणावी लागते, चाळावी लागते, तिच्यात ताक, तेल, हळद मुरवावी लागते. मग ती लोण्यासारखी मऊ होते आणि आपटलेल्या माणसाला झेलते. इथं सकाळी रोटाव्हेटर फिरवून वर टँकरचं पाणी मारलं होतं. मी वाकून मूठभर उचलली. वर चिखल, खाली ढेकळं आणि त्यात बोराएवढा मुरूम. एक म्हातारे पैलवान खाली बसून एकटेच खडे वेचत होते. वेचलेले खडे धोतराच्या ओच्यात टाकत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि मदतीलाही कुणी येत नव्हतं.

पैलवान लिंबाखाली बसले होते. शेवगाव, करमाळा, भूम, परंडा, जामखेड अशा लांबलांबच्या तालमींतून जीपगाड्या करून आलेले. ऊन चाळिशीच्या वर, प्यायला टँकरचंच पाणी. कुस्ती कधी लागेल ते माहीत नसल्यानं कुणी पोटभर जेवलेलं नाही. केळी आणि भिजवलेले बदाम, एवढ्यावर सगळे तग धरून. दोन मुलीही आल्या होत्या, हल्ली बहुतेक हगाम्यांत एखाद-दुसरी मुलींची कुस्ती असते. त्यांना कपडे बदलायला जागा नव्हती. एकीच्या आईनं आणि मावशीनं ट्रॉलीच्या आडोशाला लुगडं धरलं.

तिथंच शिरूर कासारकडचा एक पैलवान आणि त्याचे वस्ताद भेटले. पोरगा विशीतला, वजन चौऱ्याहत्तर किलो, दोन्ही कान मोडून घट्ट झालेले. आई-वडील ऊसतोडीला जातात. हा लहानपणी आजीजवळ राहिला आणि दहाव्या वर्षी तालमीत आला. मी काही विचारलं की आधी वस्तादांकडे बघायचा, मग बोलायचा.

"खुराकाला महिन्याला किती लागतात?" मी विचारलं.

"वीस-पंचवीस हजार तरी लागत्यात, दादा. दूध, तूप, बदाम. बाप उचल घेतो, त्यातले काढून देतो," वस्ताद म्हणाले. "आन् चैत्र-वैशाखात हगाम्यावर जे गावंल ते. वर्षाची कमाई हेच दीड-दोन महिने."

त्याचं नाव पत्रकावर छापलेलं होतं. जोडही छापलेली, करमाळ्याकडच्या त्याच्याच वजनाच्या पैलवानाबरोबर, इनाम एकावन्न हजार. दोघांनी महिनाभर त्या जोडीची तयारी केलेली.

साडेतीनला पोरांच्या कुस्त्या सुरू झाल्या. मातीत पहिल्यांदा उतरलेली आठ-नऊ वर्षांची पोरं रेवड्या-खोबऱ्यावर लढतात, आणि मला विचाराल तर हगाम्याचा हा सगळ्यात सुंदर भाग असतो. इथं एकेका जोडीला मिनिटभरात उठवलं जात होतं. मग मोठ्या कुस्त्या लागल्या. पंच कोण, तर कमिटीतले जो मोकळा असेल तो. एका कुस्तीत पाठ लागली की नाही यावरून दोन गावं आखाड्यात उतरली आणि पाऊण तास गेला. दर दोन कुस्त्यांमागं सत्कार. फेटा, शाल, नारळ, फोटो. तोवर अंग तापवून उभे राहिलेले पैलवान पुन्हा थंड पडायचे. थंड अंगानं मोठा डाव मारायला जाणं म्हणजे खांदा नाहीतर गुडघा गमावणं, हे तालमीतलं शेंबडं पोरही सांगेल.

पाच वाजता कळलं की करमाळ्याचा पैलवान आलेला नाही. कमिटीतल्या एकानं आखाड्यात फिरणाऱ्या एका धिप्पाड गड्याचा हात धरून आणला आणि या पोराशेजारी उभा केला. तो नव्वदीच्या पुढचा होता, हे सांगायला काटा लागत नव्हता.

वस्ताद उठले. हात जोडून म्हणाले, "आबा, ही जोड न्हाई व्हत. पोराची मान जाईल. बराबरीचा द्या, न्हाई तर इनाम कमी करा, आमी कमीत लढू."

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला, "पैलवान घाबरला काय? घाबरला असंल तर तसं सांगावं, पब्लिकचा टाइम जायला नको."

हे ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. हजारो माणसांसमोर विशीतल्या पोराला भित्रा म्हणायचं, तेही आपलीच जोड फिसकटलेली असताना! पोरानं वर बघितलं नाही. अंगातला सदरा काढला, लांग घट्ट केली, वस्तादांच्या पायाला हात लावला आणि माती कपाळाला लावून आत गेला.

त्या कुस्तीइतकी चांगली कुस्ती मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेली नाही. पहिली पाच-सात मिनिटं खडाखडी. मोठा गडी मानेवर हात टाकून भार देत होता, पोरगा प्रत्येक वेळी अर्धं पाऊल बाजूला सरकून तो भार मातीत सोडत होता. हलगीवाल्याला जाणकारी होती; त्यानं ठेका हळू ठेवला. दोनदा मोठ्यानं एकचाक मारायला बघितलं, दोन्हीदा पोरगा निसटला. मग गड्याला धाप लागली. तो हात पुसायला म्हणून जरा सरळ झाला, आणि त्या एका क्षणात पोरानं खाली घुसून पट काढला. नव्वद किलोचा माणूस तोंडावर आला. पोरगा पाठीमागं जाऊन कब्जा घेऊन बसला. माणसं उभी राहिली. त्याची पाठ माझ्यापासून चार-पाच हातांवर होती. मुरमानं खरचटून तिच्यावर उभे लाल ओरखडे उठले होते, घामानं त्यावरची माती वाहत होती. त्यानं लांगेला हात घातला, घिस्सा भरला, गडी एका खांद्यावर कलला...

आणि हलगी थांबली. "कुस्ती थांबवा, कुस्ती थांबवा. साहेबांचं आगमन झालेलं आहे."

पंचानं दोघांना उठवलं. दहा-बारा गाड्यांचा ताफा रानात शिरला, फटाक्यांची माळ लागली, साहेब हात जोडत आखाड्याच्या मधोमध आले. नुसतं आले असं नव्हे, बूट घालून आले. मघाचे ते म्हातारे पैलवान, ओच्यात खडे गोळा करणारे, तोंड फिरवून बसले. सत्कार आणि भाषण मिळून अर्धा तास. तो अर्धा तास दोन्ही पैलवान अंगावर ओली माती घेऊन वाऱ्यात उभे.

नंतर वस्तादांनी एकच मागणी केली, "जशी व्हती तशी धरा." म्हणजे पोरगा कब्ज्यात होता, तिथूनच पुन्हा सुरू करा. जुन्या फडांत हा साधा न्याय होता. कमिटीनं कुस्ती उभ्यानं लावली. तोवर दिवस मावळलेला. दिव्यांची सोय म्हणून एका जनित्रावरचे दोन हॅलोजन, तेही समोरून डोळ्यांत. चार मिनिटांत पंचानं दोघांचे हात वर केले. बरोबरीत सोडवली.

लोकांनी हे मुकाट्यानं घेतलं नाही, ते इथं नोंदवलंच पाहिजे. "निकाल लावा" म्हणून ओरडा झाला. पोरगा कडेनं फिरला तेव्हा बायाबापड्यांपासून सगळ्यांनी त्याच्या हातात दहाच्या, पन्नासच्या, शंभराच्या नोटा दिल्या. एका आजींनी कनवटीची सुपारीएवढी घडी केलेली नोट उलगडून दिली. त्याच आठवड्यात कुठल्या तरी फडातून ऊस तोडून परतलेले हे लोक.

रात्री लिंबाखाली पाकीट उघडलं. बरोबरीमुळे एकावन्न हजारांची वाटणी, म्हणजे साडेपंचवीस हजार यायला हवेत. पाकिटात दहा होते. बाकीचे "वर्गणी जमली की". वस्ताद भांडले नाहीत. त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली, बोटानं पान शोधलं आणि गावाचं नाव, तारीख, साडेपंधरा हजार असं लिहिलं. मी वही मागून घेतली. पानामागून पान गावांची नावं आणि पुढं आकडे. काही चार-चार वर्षांपूर्वीचे. वसूल झालेल्यांवर काट मारलेली होती. काट मारलेल्या ओळी फार थोड्या होत्या.

"मागायला जात नाही?" मी विचारलं.

"गेलं तर फुडल्या साली पोरांना जोड देत न्हाईत, दादा."

परतीच्या वाटेवर डोक्यात हेच चालू राहिलं. गावाची कमिटी अडाणी म्हणून हे घडतं असंही म्हणता येत नाही. २०२२ मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाला, कोल्हापूरला २१ वर्षांनी गदा मिळाली, आणि रोख बक्षीस मिळालं नाही ही खंत त्याला जाहीरपणे बोलून दाखवावी लागली. २०२३ च्या नोव्हेंबरात संघटनांच्या भांडणातून धाराशिव आणि फुलगाव अशा दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. २०२५ ला अहिल्यानगरला पाठ टेकली की नाही यावरून शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. लाथेचं समर्थन मी करणार नाही. पण निकालावरचा विश्वास उडाला की काय होतं, ते त्या संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

आणखी मागं गेलं तर खाशाबा जाधव आहेत. १९५२, हेलसिंकी. जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला त्या वेळी भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा थकल्या अंगानं लढले, हरले आणि कांस्य घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पैलवानाच्या बाजूनं बोलायला तिथं कुणी असतं तर रंग कदाचित वेगळा असता.

बालाघाटातल्या त्या पोराच्या बाजूनं बोलायला निदान त्याचे वस्ताद होते, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. म्हणून जत्रा कमिट्यांतल्या थोरामोठ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. वजनकाटा प्रत्येक गावातल्या आडतीवर असतो, तो त्या दिवशी आखाड्याशेजारी आणा आणि जोडी त्यावर लावा. माती आठवडाभर आधी तयार करा. पाहुण्यांचे सत्कार पहिली सलामी झडण्यापूर्वी उरका, आणि एकदा कुस्ती लागली की कुणीही आलं तरी ती थांबवू नका. पंच बाहेरगावचा, जाणता ठेवा. मुलींसाठी चार कनाती लावा. डॉक्टर बोलवा. आणि जेवढी वर्गणी आधी जमली असेल तेवढंच इनाम पत्रकावर छापा. ते पैलवानाच्या अंगावरची माती वाळायच्या आत त्याच्या हातात पडलं पाहिजे. त्या गावाकडे साडेपंधरा हजार अजून येणं आहेत.