मुलांच्या वाट्याचे दहा टक्के

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार

द्राक्षकाढणी सुरू झाली. पेठ-सुरगाण्याकडची बिऱ्हाडं मळ्यांत उतरली आणि अंगणवाडीचा पट एकदम वाढला. आमच्या दिंडोरी तालुक्यात दरवर्षी असंच होतं. खोलीत दोनच सतरंज्या, त्याही विरलेल्या. फरशी बर्फासारखी गार. एका पोराने चपला काढल्या, बुडाखाली घेतल्या आणि खिचडीचं ताट मांडीवर ठेवलं. कुणी शिकवलं नव्हतं त्याला.

गरम आहारासाठी शासन मुलामागे दिवसाला ८ रुपये देतं. त्यात सतरंजी बसत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

दुपारी ग्रामपंचायतीत जाऊन भाऊसाहेबांना महिला व बालकल्याणाचा खर्च विचारला. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं असं जे गावाचं स्वतःचं उत्पन्न, त्यातले १० टक्के या कामासाठी ठेवायचे असतात. लाख रुपये जमा झाले तर १० हजार. भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. गेल्या वर्षी त्यातून हळदीकुंकवाला स्टीलचे डबे वाटले. माझ्याही घरी त्यातला एक आहे, मी त्यात तूरडाळ ठेवते. पण त्या रकमेत मुलांचाही वाटा होता, आणि मुलांसाठी म्हणून एक ओळही रजिस्टरला नव्हती. घरी आल्यावर डबा पुन्हा हातात घ्यावासा वाटेना.

रात्री अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला, त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, तिकडे फ्लोरिडात पिनेलास काउंटीतल्या मतदारांनी १९४६ साली मत देऊन मुलांच्या कामासाठी मालमत्ता करातला वेगळा हिस्सा बांधून दिला. म्हटलं, अरे, आपल्याकडे हिस्सा नियमानेच बांधलेला आहे, तो मागायला कुणी उभं राहत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आज राष्ट्रीय मतदार दिवस. शाळेत शपथ झाली, मग महिला सभा. ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती बरेचदा सह्यांपुरती होते. आज मात्र बायका बसल्या. मी मागणी वाचली: सतरंज्या, मोठा वजनकाटा, पाण्याची टाकी आणि काढणीच्या महिन्यांपुरतं पाळणाघर. वेलीखाली साडीच्या झोळीत झोपवलेलं तान्हं बाळ सगळ्यांनीच पाहिलंय, त्यामुळे पाळणाघर म्हणजे काय ते समजावावं लागलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. कोरमला १५ टक्के मतदार किंवा १००, यातला कमी आकडा लागतो. बायका आल्या म्हणून तो भरला, नाहीतर सभा तहकूब ठरलेलीच होती.

विषय निघताच मागून आवाज आला, “बाहेरच्या पोरांवर आपली घरपट्टी कशापायी?” मी काही बोलायच्या आत एक बागायतदार उठले. “पोरं सांभाळली तर मजूर टिकतील,” म्हणाले. मला हे कारण आवडलं नाही. मूल मजुराचं आहे म्हणून नव्हे, मूल आहे म्हणून त्याला बसायला कोरडी जागा हवी. पण त्यांचा हात वर गेला आणि त्यांच्या मागे आणखी वीसेक गेले. सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर. सतरंज्या, काटा, टाकी. पाळणाघर “पुढच्या सभेत बघू”.

ग्रामसभेत मत गावच्या मतदारयादीत नाव असलेल्याचं. या मुलांच्या आईबापांची नावं पेठ-सुरगाण्याच्या याद्यांत. हात वर करायला त्यांच्या बाजूने इथे कुणीच नव्हतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सतरंज्या आल्या, सहा. निळ्या पट्ट्यांच्या, नव्या सुताच्या वासाच्या. मुलं आधी त्यांवर लोळली, मग बसली. चपलावाल्याने आज चपला दाराशी काढल्या.

पुढची ग्रामसभा १ मेला. तोवर मळे मोकळे होतील आणि ही बिऱ्हाडं आपापल्या पाड्यांवर परतलेली असतील. पाळणाघराचा अर्ज मी आजच लेखी दिला आणि त्याची पोच घेतली.