मॉन्टपीलियरचं सोनं

बॉस्टनच्या आसपासच्या मराठी घरांत ऑक्टोबर उजाडला की एकच प्रश्न फिरत असतो, "यंदा फॉल बघायला कुठे?" कोणी व्हाइट माउंटन्सला जातं, कोणी बर्कशायर्सला, आणि सगळ्यांचे फोटो साधारण सारखेच येतात. लाल झाड, पिवळं झाड, झाडापुढे जॅकेट घातलेलं कुटुंब. आमच्याकडेही असे फोटो ढिगाने आहेत. त्यामुळे २०२४ च्या फॉलबद्दल लिहायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण त्या वर्षी आई बरोबर होती, आणि तीन दिवसांच्या त्या सहलीत आमच्या घरातला एक जुना प्रश्न सुटला. पूर्ण नाही, पण बराचसा. पुण्याच्या आणि चिपळूणच्या मंडळींना निम्मी गोष्ट फोनवर कळलेली आहेच. ही उरलेली निम्मी.

आधी तो प्रश्न सांगते. आई चिपळूणला एकटी राहते. बाबा २०१८ साली गेले. घर बाजारपेठेपासून फार लांब नाही, म्हणजेच वाशिष्ठीपासूनही नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी माडीच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं. २२ जुलै २०२१ ला ते सातव्या पायरीवर आलं. आई आणि शेजारच्या वहिनी माडीवर, खाली माजघरात फ्रिज तरंगतोय, वीज नाही, फोन नाही. मी इथे, दादा पुण्यात, आणि दीड दिवस ती कशी आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्या दीड दिवसाबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही, आताही लिहिणार नाही.

तेव्हापासून आमचं पालुपद एकच, घर विक आणि पुण्याला ये. आईचं उत्तरही एकच, "बघू." २०२४ मध्ये मात्र दादाने त्याच्याच सोसायटीत एक फ्लॅट बघून ठेवला आणि चिपळूणच्या घराला गिऱ्हाईकही आलं. ऑगस्टमध्ये आई आमच्याकडे आली तेव्हा दादाचा फोन आला, "तू बोल तिच्याशी. नोव्हेंबरात परत येईल ती हो म्हणूनच येऊ दे." मी रोज आज बोलू, उद्या बोलू करत होते. तेवढ्यात दसरा आला.

त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला, शनिवारी होता, आणि सोमवारी इथे सुट्टी. नवरा म्हणाला, या वेळी गर्दीच्या जागी नको, व्हरमाँटच्या राजधानीत जाऊ. आईला एवढंच कळलं की दोन राज्यांच्या सीमा ओलांडायच्या आहेत. "म्हणजे खरंखुरं सीमोल्लंघन!" ती खूश झाली आणि तिखटमिठाच्या पुऱ्या लाटायला बसली.

आमच्याकडून मॉन्टपीलियर तीन तासांवर आहे. न्यू हॅम्पशायर ओलांडून कनेटिकट नदीवरचा पूल पार केला की व्हरमाँट सुरू होतं, आणि काही वेळाने आपल्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागतं. चुकत असतात ते जाहिरातींचे फलक. १९६८ साली कायदा करून या राज्याने रस्त्याकडेचे मोठे फलक बंद केले. त्यामुळे डोंगर दिसतात ते सलग दिसतात. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कुंभार्ली घाट रंगवला असता तर असा दिसला असता."

राजधानी म्हटल्यावर पोरांच्या डोळ्यांसमोर उंच इमारती होत्या. मॉन्टपीलियरची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ८,०७४ होती. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांच्या राजधान्यांत ही सगळ्यात लहान. आई म्हणाली, "अगंबाई, चिपळूण याच्या सहापट तरी असेल!" स्टेट स्ट्रीट आणि मेन स्ट्रीट असे दोन मुख्य रस्ते, दोन्हीकडे विटांच्या जुन्या इमारती, मधून वाहणारी विनूस्की नदी आणि तिला येऊन मिळणारी तिची उत्तरेकडची उपनदी. चारी बाजूंना डोंगर. गावात मॅकडोनाल्ड्स नाही हे कळल्यावर धाकट्याचा चेहरा पडला होता, तो गावाबाहेरच्या एका मेपलच्या शेतावर क्रीमी नावाचं मेपलचं मऊ आइस्क्रीम मिळाल्यावर उजळला.

त्याच शेतावर आईने मेपल सिरप पहिल्यांदा नुसतं चाखलं. "ही तर काकवी!" मग तिला सगळं विचारायचं होतं. हिवाळा सरता सरता, रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं अशा दिवसांत मेपलच्या खोडाला छोटं भोक पाडून रस काढतात. तो जवळजवळ पाण्यासारखाच असतो. साधारण चाळीस गॅलन रस आटवला की एक गॅलन सिरप होतं. "म्हणजे गुऱ्हाळच की," आई म्हणाली, आणि दोन बाटल्या घेतल्या. एक दादासाठी.

विधानभवन बघून मात्र सगळेच थबकलो. पांढऱ्या खांबांची देखणी इमारत, वर सोन्याचा मुलामा दिलेला घुमट, आणि लगेच मागे लाल-केशरी डोंगर. १८५७ साली आधीची इमारत जळाली तेव्हा तिचा दर्शनी भाग तेवढा वाचला. तो तसाच ठेवून मागे नवी इमारत बांधली, ती १८५९ मध्ये पुरी झाली. घुमटावर शेतीच्या देवतेचा पुतळा आहे. तो लाकडी असल्याने बर्फापावसात कुजतो. पहिला १८५८ चा, दुसरा १९३८ चा, आताचा २०१८ चा. बरोबर ऐंशी-ऐंशी वर्षांनी. दुसरा पुतळा तर विधानभवनातल्याच एका वयोवृद्ध अधिकाऱ्याने कोरला होता. आईला प्रश्न पडला, "शेजारच्या गावात एवढ्या ग्रॅनाइटच्या खाणी आहेत म्हणता, मग दगडाचाच का नाही करत एकदाचा?" याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

समोरच्या हिरवळीवर बर्चची पिवळीधमक पानं पडली होती. आईने ती वेचून सगळ्यांच्या हातात ठेवली. "घ्या सोनं." बाजूने जाणाऱ्या एका आजोबांनी कुतूहलाने पाहिलं, तर त्यांनाही एक दिलं! नवऱ्याने त्यांना आपट्याचं पान, दसरा वगैरे समजावलं. ते म्हणाले, आमच्याकडे असं सोनं पोत्याने भरून टाकावं लागतं :-)

आई कुठल्याही गावात गेली की पोस्ट शोधते. बाबा पोस्टात होते, त्यामुळे ती सवयच. इथे पोस्टाची चौकशी केली तेव्हा पुराची गोष्ट पहिल्यांदा कानावर आली. १० आणि ११ जुलै २०२३ ला मॉन्टपीलियर बुडालं होतं. सगळी बाजारपेठ पाण्यात गेली, आणि त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ या राजधानीला धड पोस्ट ऑफिस नव्हतं. खरं सांगते, मला हे माहीत होतं, बातम्यांत पाहिलं होतं. पण सहल ठरवताना ते डोक्यातच आलं नाही, आणि आईसमोर तो विषय मी आपणहून काढलाही नसता.

आता मात्र आई शहर बघायचं सोडून पूरच बघायला लागली. मेन स्ट्रीटवरच्या पुस्तकांच्या एका दुकानात तिने मला पुढे केलं, "विचार ना, किती पाणी होतं." काउंटरवरच्या बाईंनी कंबरेशी हात नेऊन दाखवला. आईने स्वतःचा हात डोक्याच्या वर नेला आणि म्हणाली, "चिपळूण." त्या बाईंना चिपळूण कुठे आहे हे कळलं नसणार, पण हात कळला. मग त्या दोघींचं जे काही बोलणं झालं त्यात दुभाष्या म्हणून माझं काम फार थोडं होतं. चिखलाचा वास किती दिवस गेला नाही, भिजलेल्या पुस्तकांचं काय केलं, पहिलं गिऱ्हाईक कधी आलं.

दुसऱ्या दिवशी केलॉग-हबर्ड वाचनालय बाहेरून पाहिलं. त्याच्याही तळघरात २०२३ ला पाणी शिरलं होतं. आईला लगेच आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आठवलं. १८६४ सालचं, २००५ मध्ये भिजलेलं, २०२१ मध्ये पुन्हा भिजलेलं, आणि तरी चालू असलेलं. इथल्या वाचनालयाची आणखी एक गंमत आहे. केलॉग नावाच्या जोडप्याने वाचनालयासाठी पैसे ठेवले होते, पण बाईंच्या भाच्याने, जॉन हबर्डने, मृत्युपत्राला आव्हान दिलं. गाव चिडलं. शेवटी तडजोड होऊन त्याने वाचनालय बांधलं, आणि नाव दोघांचं लागलं. पुढे त्याने गावाला बागेसाठी जंगलाची मोठी जागाही दिली. "इस्टेट आली की भाऊबंदकी आलीच," आई म्हणाली. "पण याने निदान गावाला काहीतरी दिलं."

दुपारी त्याच हबर्ड पार्कमध्ये चढून गेलो. वर दगडी बुरूज आहे, सुमारे ५४ फूट उंच. आई वर चढली नाही, खाली बाकावर बसली. नवरा पोरांना समजावत होता. दिवस लहान झाले की पानांतलं हरितद्रव्य नाहीसं होतं. पिवळा रंग आधीपासूनच आत असतो, तो आता दिसायला लागतो. लाल रंग मात्र मेपल त्या शेवटच्या दिवसांत नव्याने तयार करतं. आणि देठाच्या मुळाशी एक पातळ थर धरतो, तिथून पान सुटतं. पानांवर बर्फ साचला तर वजनाने फांद्या मोडतील, त्यापेक्षा पानं गेलेली बरी. आईने विचारलं, "म्हणजे पान पडत नाही, झाड सोडतं?" नवरा म्हणाला, "हो, तसंच म्हणायचं."

पोरं बुरुजावर गेली, तो त्यांच्यामागे गेला, आणि मी विषय काढला. मी तयारी करून आले होते. इथे पुरानंतर काय होतं तेही मी तिला सांगितलं. मालक तयार असेल तर सरकारी पैशांतून पूरपट्ट्यातलं घर विकत घेतात, पाडतात आणि ती जागा कायमची मोकळी ठेवतात. २०२३ नंतर व्हरमाँटमध्ये बऱ्याच लोकांनी हा मार्ग धरला.

आईने शांतपणे ऐकलं. "ज्यांना झेपत नाही त्यांनी जावं. पण ती पुस्तकवाली तर परत उभी राहिली ना?"

"तिच्या दुकानावर वर्षातून एकदा टांगती तलवार नाही, आई."

"नाही कशी? तूच म्हणालीस ना काल, इथे आधीही पूर आलाय."

ते मीच वाचून दाखवलं होतं. नोव्हेंबर १९२७ मधला पूर तर व्हरमाँटचा सगळ्यात भीषण. राज्यात ८४ माणसं गेली, त्यात लेफ्टनंट गव्हर्नरही होते. त्यानंतर उपनदीवर राइट्सव्हिलचं धरण बांधलं. मार्च १९९२ मध्ये नदीत बर्फ अडकून पाणी गावात शिरलं. मग २०२३. म्हणून मी म्हटलं, "बघ, जुलै, नोव्हेंबर, मार्च. पूर काही पंचांग बघून येत नाही."

"इथला नसेल येत," आई म्हणाली. "आमचे दोन्ही मोठे जुलैतले. वर सह्याद्रीत धो धो पाऊस आणि खाली खाडीला भरती, तेव्हाच आमच्याकडे पाणी तुंबतं. आता वाशिष्ठीतला गाळही काढलाय." मग जरा थांबून, पण आधीच ठरवल्यासारखी, ती म्हणाली, "जून ते सप्टेंबर मी दादाकडे राहते. दसऱ्याला घरी. गॅस, फ्रिज, बाबांची कपाटं, सगळं माडीवर न्यायचं. खाली फक्त झोपाळा आणि लाकडी बाकं. त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगा."

"आणि उरलेले आठ महिने एकटी?"

"एकटी कुठे, आळी आहे ना. पावसाळ्यापुरती पानं गाळते असं समज."

मी पुढे काही बोलले नाही. दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुला पटवायला सांगितलं होतं, पटून यायला नाही!" मला पूर्ण पटलं होतं असंही नाही. पण तीन वर्षांत पहिल्यांदा आईने "बघू" सोडून दुसरं काही म्हटलं होतं, आणि त्यात वर्षातले सगळ्यात भीतीचे चार महिने आमच्या पदरात पडत होते.

२०२५ च्या जूनमध्ये ती ठरल्याप्रमाणे पुण्याला गेली. त्याआधी माडीवर ओटा बांधून घेतला. पुण्यात पहिले पंधरा दिवस तिला करमेना, मग सोसायटीतल्या बायकांना उकडीचे मोदक शिकवण्यात ती इतकी रमली की चिपळूणला परत जाईल की नाही अशीच शंका यायला लागली. पण २ ऑक्टोबरला, दसऱ्याला, ती घरी होती. दादाच तिला सोडायला गेला होता. त्याने फोटो पाठवला. आईने जिन्याच्या तिसऱ्या आणि सातव्या पायरीजवळ भिंतीवर तेलरंगाने एकेक रेघ मारून पुढे तारखा लिहिल्या आहेत. खाली माजघरात फक्त झोपाळा, बाकी काही नाही. वहिनी झोपाळ्यावर बसल्या आहेत.

दादा अजून थोडा घुश्शात आहे. माझ्या कॉम्प्युटरवर कोकणातल्या पावसाचं पान कायम उघडं असतं, ऑक्टोबरातसुद्धा.