बिळाचे दुसरे तोंड

आमच्या घरामागे शेताचा बांध आहे, बांधापलीकडे करवंदीची जाळी आहे आणि त्या जाळीच्या आसपास कुठे तरी एक कोल्हा राहतो. मी त्याला नीट असा एकदाच पाहिला, तोही पाठमोरा. पण दिवेलागण उलटली की त्याची कुई सुरू होते. पलीकडच्या टेकडीवरून कोणी तरी तिला उत्तर देते, आणि मग गावातली कुत्री त्या संभाषणात तोंड घालतात. गेल्या वर्षी आश्विनातल्या एका रात्री हा गोंधळ ऐन रंगात आला असताना छकुली अंथरुणात उठून बसली. ती तेव्हा सहा वर्षांची होती.

"बाबा, आपण त्याला पकडू या."

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण मी मास्तर आहे आणि वर कादंबऱ्याही लिहितो, त्यामुळे जगातली कोणतीही गोष्ट मला येत असणार, अशी या मुलीची समजूत. अमेरिकेत कोयोट नावाचा आपल्या कोल्ह्याचा एक भाऊबंद असतो. तिकडचे शेतकरी त्याला धरायला सापळे मांडतात आणि पोरांनाही लहानपणीच ती विद्या शिकवतात, असे मी कुठे तरी वाचले होते. ते तिला सांगून बसलो, हीच माझी पहिली चूक. मग ती दुरुस्त करण्यासाठी मला १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा सांगावा लागला. आपल्याकडे कोल्हा धरणे हा गुन्हा आहे. शिवाय तो बिचारा उंदीर आणि खेकडे खातो, म्हणजे शेतकऱ्याच्या कामाचाच प्राणी, असे मी तिला पटवले.

"मग आपल्या शेतात एवढे उंदीर कसे?"

"त्याला एकट्याला पुरे पडत नाहीत."

"मग आपण त्याला मदत करू या," असे म्हणून ती झोपली. मी मात्र बराच वेळ जागा होतो, कारण उंदरांचा प्रश्न खरा होता.

कर्जतहून कशेळ्याकडे जाताना, पेज नदीच्या अंगाला, आमची वीस गुंठे खाचरे आहेत. भिवपुरीला १९२२ साली टाटांचे वीजघर सुरू झाले. घाटावरचे पाणी नळांतून खाली येते, वीज करते आणि मग पेजेला मिळते. म्हणून आमची नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते. राजनाल्याच्या कालव्याने ते पाणी शेतांत खेळते आणि पावसाळी पिकामागून उन्हाळी भातही होते. आम्हाला दोनदा सुगी मिळते, तशी उंदरांनाही मिळते. मादी तीन-साडेतीन आठवड्यांत विते, आणि बांध तर तिला बाराही महिने मोकळा. त्याच्या आदल्या वर्षी मी विषाच्या गोळ्या टाकल्या होत्या. उंदीर किती मेले देव जाणे. शेजाऱ्यांचा कुत्रा मात्र मेला. तेव्हापासून घरात विष आणायचे नाही, अशी सक्त ताकीद होती.

माझी शाळा खालापूर तालुक्यात. रोज कर्जतला खोपोलीची लोकल धरायची, पळसदरी मागे टाकायची आणि केळवलीला उतरायचे. एक दिवस शाळा सुटल्यावर तसाच पुढे खोपोलीला गेलो आणि बाजारातून एक लोखंडी चाप व एक पिंजरा घेऊन आलो. बाप-लेकींनी मोठ्या उत्साहाने दोन्ही बांधावर मांडले. आमिष म्हणून बटाट्याची भजी. पहिल्या रात्री चापात काहीच आले नाही. सकाळी तो उचलताना त्यात माझे बोट आले. दुसऱ्या रात्री पिंजऱ्यात एक चिचुंद्री सापडली आणि तिने आमच्या पडवीला चार दिवस पुरेल एवढा वास दिला. तिसऱ्या रात्री भजी गेली, चाप जिथल्या तिथे. छकुली मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला येत नाही ना?"

मुलांना शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकायची सवय नसते. ते मी दिवसभर मनात घोळवले आणि संध्याकाळी मुकाट्याने कातकरीवाडीवर गेलो.

कात पाडणारे ते कातकरी. खैराच्या लाकडाचा कात काढणे हा त्यांचा जुना धंदा. तो जंगलांबरोबर गेला. आता मजुरी, मासळी, खेकडे आणि सुगीच्या दिवसांत बांधावरचे उंदीर. वाडीवरचा एक म्हातारा आमच्या लावणीला नेहमी यायचा. त्याला म्हटले, "म्हातारबा, मला उंदीर धरायला शिकवा." तो हसला नाही. एवढेच म्हणाला, "मास्तर, शिकाल. पोरीला पन आना."

दुसऱ्या दिवशी तो आपल्या नातवाला घेऊन आला. पोरगा नऊ वर्षांचा, अंगाने काटकुळा. मी छकुलीला गमबूट चढवले होते, कारण भातखाचरात उंदरांच्या मुतावाटे लेप्टोचा ताप पसरतो. त्या पोराचे पाय अनवाणी होते. छकुलीने आधी त्याच्या पायांकडे पाहिले, मग स्वतःच्या, आणि मग माझ्याकडे. मी बांधाकडे पाहिले.

पहिला धडा बसण्याचा. अर्धा तास नुसते बसायचे. "उंदीर दिसत नाय, त्याचा शिरस्ता दिसतो," म्हातारा म्हणाला. मग त्याने तो शिरस्ता दाखवला. बांधावर सात-आठ बिळे होती. मला ती सगळी सारखी दिसत होती. त्यातल्या कोणाच्या तोंडावर कोळ्याचे जाळे होते, ते रिकामे. कोणाच्या तोंडाशी ओल्या मातीचा ताजा ढीग होता आणि तोंड आतून मातीने बुजवलेले, त्यात उंदीर होता. घरात माणूस असला की कडी आतून लागते, तसेच. भाताचे ताट बुडापासून वीतभर उंचीवर तिरके कातरलेले, ते त्याचेच काम. आणि कातरलेल्या ताटांपासून बिळापर्यंत गवतात एक बारीक, दबलेली वाट. ती वाट छकुलीने माझ्याआधी पाहिली. ती साडेतीन फुटांची, मी साडेपाच. या विद्येत उंच माणसाचे काही चालत नाही.

"आता ह्याचा दुसरा तोंड सोध, बाय," म्हातारा तिला म्हणाला. प्रत्येक बिळाला पळवाट असते. उंदीर ती आतून कोरत आणतो आणि वर मातीचा पातळ पापुद्रा ठेवतो. बाहेरून काही दिसत नाही. वेळ आली की डोके मारून तो निसटतो. ती सापडल्याशिवाय खणायला सुरुवात करायची नाही. नातवाने पायाच्या अंगठ्याने जमीन चाचपत चार हातांवर ती काढली. गमबुटातून ते कळणे शक्यच नव्हते.

दुसरा धडा धीराचा. आमचा बाजारातला चाप त्याने बाजूला ठेवला. वाटेवर एक चपटा दगड तीन काटक्यांवर तोलला आणि खाली सुकट ठेवली. पण पहिले तीन दिवस काटक्या घट्ट रोवलेल्या. उंदराने यावे, खावे, निर्धास्त जावे. उंदराला नवी वस्तू आवडत नाही. तो तिला लांबून वळसा घालतो. तिची सवय झाली की मग दगड खरा मांडायचा. आणि हात आधी चिखलात चोळायचे. माझ्या हातांना साबणाचा वास येतो, हे त्याने अतिशय सभ्यपणे मला सांगितले.

चौथ्या रात्री दगड पडला. सकाळी नातवाने काडीने शेपटी उचलून तो गलेलठ्ठ उंदीर दाखवला. छकुली टाळ्या वाजवेल असे मला वाटले होते. ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "हा आपली सुकट खायला विश्वासाने आला होता ना?"

मला उत्तर सुचले नाही. म्हातारा म्हणाला, "व्हय बाय. म्हून त्याला फुकट नाय टाकायचा." त्याने उंदीर फडक्यात बांधला. त्यांच्याकडे त्या दिवशी कालवण होणार होते. माझ्या चेहऱ्यावर काही उमटले असावे. कारण नातू माझ्याकडे एकदा बघून दुसरीकडे बघू लागला. शाळेत डबा उघडल्यावर दुसऱ्याच्या भाकरीला नाक मुरडणाऱ्या पोरांना मी ओरडतो. त्या दिवशी मला ओरडायला कोणी नव्हते.

मग ते बीळ खणले. आत एक कोनाडा होता, आणि त्यात भाताच्या लोंब्या अशा रचलेल्या, की कोणा गृहिणीने रचाव्यात. सूपभर निघाल्या. कातकऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे बिळातले धान्य खणणाऱ्याचे. मला हा रिवाज ठाऊक होता. पण भात माझे होते, वर्ष वाईट गेले होते आणि सूप भरलेले दिसत होते. म्हातारा काही बोलला नाही, मीही बोललो नाही. छकुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले, सूप उचलले आणि नातवाच्या पुढ्यात ठेवले. "तुम्ही काढल्या ना," ती म्हणाली. मी घाईघाईने "हो, हो, अर्थात" म्हटले. ते 'अर्थात' मला अजून टोचते.

दिवाळीपर्यंत आम्ही पाच बिळे केली. भाऊबीज झाली आणि छकुली फराळाचा डबा घेऊन माझ्याबरोबर वाडीवर गेली, तर म्हाताऱ्याच्या झोपडीच्या दाराला सुतळी बांधलेली. गणपतीच्या आधी मुलाने वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतली होती. ती फेडायला सगळे घर गेले होते. आता मृगाच्या तोंडाशी परत. छकुलीने झोपडीला एक प्रदक्षिणा घातली.

"बाबा, यांच्या घराला दुसरं तोंड कुठे आहे?"

डबा आम्ही शेजारच्या झोपडीत देऊन आलो.

जानेवारीत एका सकाळी केळवलीला उतरून शाळेकडे चाललो होतो. वाटेवरच्या भट्टीवर एक पोरगा उकिडवा बसून कच्च्या विटा उलथत होता, ओळीने, न थांबता. मान वर केली तेव्हा ओळख पटली. तो उठून उभा राहिला, हात मागे घेतले आणि विचारले, "मास्तर, छकुली दगड मांडते का?" मी म्हटले, "मांडते." तो म्हणाला, "तिला सांगा, मातीत हात चोळ." मग कोणी तरी हाक मारली आणि तो बसला. मी शाळेत जाऊन हजेरी घेतली. आमच्याही पटावर दिवाळीनंतर दोन नावांपुढे रोज 'गैरहजर' लिहिले जाते. मी इतकी वर्षे ते सुवाच्य अक्षरात लिहीत आलो आहे.

फेब्रुवारीत उन्हाळी भात लावले आणि आम्ही दोघांनी आमचे आम्ही दगड मांडले. हात चोळले, तीन दिवस वाट पाहिली. पाचव्या सकाळी छकुली ओरडत आली. दगड पडला होता, नव्हे, कोणी तरी नाकाने कलंडवून बाजूला केला होता. खाली उंदराच्या शेपटीचा तुकडा आणि चिखलात पावले. कुत्र्याच्या पावलांपेक्षा लांबट, नेटकी, सरळ करवंदीच्या जाळीकडे गेलेली. "आपण त्याला मदत केली!" ती नाचत म्हणाली. आम्ही पकडलेला हा पहिला उंदीर, आणि तो आम्ही पाहिलाही नाही.

मृगाच्या आधी वाडी पुन्हा भरली. म्हातारा वाळला आहे, खोकतो. कोल्ह्याची हकीगत ऐकून तो आणि नातू पोट धरून हसले. छकुली आता दुसरीत आहे. नातू तीन वर्षांनी तिच्या पुढेच असायला हवा. पण वाचायला बसला की तिच्याही मागे पडतो. पावसाळ्यात ती त्याला वाचायला शिकवायची, त्याने तिला खेकड्याचे बीळ दाखवायचे, असे चालले होते.

गणपतीच्या आधी मी म्हाताऱ्याकडे गेलो. बसलो, आता बसायला येते. म्हटले, "यंदा नातवाला मागे ठेवा. आमच्या पडवीत राहील, शाळेत जाईल." त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही. पोराचे हात गेले की विटा तेवढ्या कमी, आणि उचल तर तेवढीच. हा हिशेब मला कळत होता. शेवटी तो म्हणाला, "बगू."

हे लिहितो आहे तोवर उत्तर आलेले नाही. छकुलीने मात्र पडवीतला एक कोपरा झाडून ठेवला आहे, आणि तिथे ठेवलेला बाजारचा तो लोखंडी चाप उचलून माळ्यावर टाकायला मला सांगितले आहे.