दोन बरोबर उत्तरं

तर्काच्या प्रश्नात विचार अवघड असावा, वाक्य अवघड असू नये. क्लॅट या विधी प्रवेश परीक्षेच्या सराव चाचण्यांसाठी प्रश्न काढताना मी हे एवढं एकच पथ्य पाळते. आमच्या जबलपुरात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ 1956 पासून आहे, 2018 मध्ये धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही इथे सुरू झालं. वकिलीचं वेड असलेली मुलं या शहराला कधी कमी पडत नाहीत. 2020 पासून क्लॅट उताऱ्यांवर बेतलेली आहे, त्यामुळे घरी हिंदी बोलणाऱ्या मुलालाही इंग्रजी वाक्याची प्रत्येक गाठ सोडवावी लागते. ‘मॅडम, बी भी तो सही है’ असं कुणी म्हटलं, की मी आधी प्रश्न पुन्हा वाचते, मग मुलाचं उत्तर.

एक नमुना घ्या. एका शहरात हेल्मेटसक्ती झाली. पुढच्या सहा महिन्यांत डोक्याला मार लागून रुग्णालयात येणारे दुचाकीस्वार कमी झाले. म्हणजे सक्तीचा फायदा झाला. हा युक्तिवाद कशामुळे सर्वाधिक दुबळा होतो? पर्याय ए: त्याच काळात शहरातले मुख्य रस्ते दुरुस्त झाले. पर्याय बी: दुचाकींच्या अपघातांची संख्या आधीइतकीच राहिली. फायदा म्हणजे अपघात कमी होणं, असं प्रश्नकर्त्याच्या मनात असेल तर बी हे उत्तर. पण फायदा म्हणजे डोकी वाचणं, असं मुलाने धरलं तर बी युक्तिवादाला उलट बळच देतो: अपघात तेवढेच, तरी डोकी कमी फुटली, म्हणजे हेल्मेटने काम केलं. हा मुलगा ए निवडतो आणि गुण गमावतो. त्याचा तर्क मात्र उत्तरांच्या यादीमागच्या तर्काइतकाच खणखणीत आहे. निष्कर्ष ‘डोक्याच्या इजा कमी झाल्या त्या सक्तीमुळेच’ असा लिहिला की वाद मिटतो. उत्तर ए. प्रश्न सोपा झाला का? मुळीच नाही. बी अजूनही मोहात पाडतो, पण आता तो घाईत वाचणाऱ्याला पाडतो, नीट वाचणाऱ्याला नाही. मोहात पाडणारा चुकीचा पर्याय असा कमवावा लागतो.

‘सर्वाधिक’ या शब्दाचा आडोसा घेणारे प्रश्नकर्ते मला अजिबात पटत नाहीत. दोन पर्याय वेगवेगळ्या कारणांनी बरोबर ठरत असतील, तर त्यांतला वरचढ कोणता हे ठरवायला मोजमाप लागतं आणि ते प्रश्नातच दिलेलं असावं लागतं. नकारांचंही तसंच आहे. ‘सगळी मुलं पास झाली नाहीत’ हे वाक्य तोंडाने म्हणताना आवाज अर्थ सांभाळून नेतो. छापल्यावर एकही पास झालं नाही की काही राहिली, हे वाचणाऱ्यावर सोडलं जातं.

परिमाणाचा एक शब्द किती महाग पडतो, हे 2024 च्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत देशाने पाहिलं. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात असं होतं, नव्यात ‘बहुतेक’ मूलद्रव्यांचे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि चार लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी 5 गुण गेले. त्या पीठावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. 1983 मध्ये ‘कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता’ या खटल्याचा निकाल त्यांचे वडील, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिला होता. छापील उत्तर बरोबरच मानायचं, पण ते उघडपणे चूक असल्याचं दाखवता आलं तर मुलाचं नुकसान होऊ द्यायचं नाही, असा त्याचा गाभा. प्रश्न संदिग्ध नसावेत, भाषांतर काळजीने व्हावं, उत्तरांची यादी निकालासोबत जाहीर व्हावी, असंही त्यात सुचवलं होतं. एवढ्या वर्षांनंतरही 1 डिसेंबर 2024 च्या क्लॅटवरून देशातल्या अनेक उच्च न्यायालयांत याचिका गेल्या. त्या सगळ्या दिल्ली उच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या आणि शेवटी 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला एकेक प्रश्न वाचायला बसावं लागलं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने प्रवेशासाठी आधी कोर्टाची पायरी चढावी, हे मला फार लागतं.

म्हणून नवा प्रश्न मी उत्तर न सांगता एका सहकाऱ्याला देते. त्यांनी योग्य पर्याय निवडायचा; तो का निवडला आणि उरलेले तीन का नाकारले, ते प्रत्येकी एका वाक्यात लिहायचं. ‘हा तितकासा योग्य वाटत नाही’ हे कारण चालत नाही. ‘उताऱ्यात याला आधार नाही’ किंवा ‘निष्कर्ष इजांबद्दल आहे, अपघातांबद्दल नाही’ हे चालतं. एका जरी पर्यायापाशी त्यांची लेखणी थांबली, तरी प्रश्न परत माझ्या टेबलावर येतो. मग बहुधा पर्याय तसाच राहतो, निष्कर्षाचं वाक्य बदलतं. उत्तरांच्या यादीबरोबर ही चारही कारणं मुलांच्या हाती जातात. मोठ्या परीक्षांच्या यादीत सहसा फक्त अक्षर असतं. शुल्क भरून आक्षेप घेणाऱ्या मुलाला आपण कशाविरुद्ध लढतो आहोत, हे तरी कळायला हवं. चार ओळी छापायला अशी किती जागा लागते?