निघून गेलेल्यांचे गुण

परिचारिकांच्या मानसिक लवचिकतेच्या मापनाविषयी काही वाचले की मला डमडममधील नागेरबाजारची माझी भाड्याची खोली आठवते. शेजारी मणिपूरच्या दोन परिचारिका राहत. मी सकाळी कामाला निघे, तेव्हा त्या रात्रपाळी संपवून जिना चढत असत. मे २०२० मध्ये त्यांच्या दाराला कुलूप लागले. त्याच महिन्यात कोलकात्यातील खाजगी रुग्णालयांतून मणिपूरच्या शेकडो परिचारिका नोकरी सोडून गावी परतल्या. अपुरी संरक्षक साधने आणि चेहरेपट्टीवरून मिळणारी वागणूक, ही कारणे तेव्हा वृत्तपत्रांत आली होती.

लवचिकता मोजतात ती प्रश्नावलीने. कॉनर आणि डेव्हिडसन यांच्या २००३ च्या मापनश्रेणीत २५ विधाने आहेत. प्रत्येकास ० ते ४ गुण, एकूण १००. २००८ मधील दुसऱ्या एका श्रेणीत सहाच विधाने असून त्यांतील तीन मुद्दाम उलट अर्थाची आहेत. प्रत्येक विधानाला डोळे मिटून होकार देणारा माणूस त्यामुळे ओळखता येतो. रात्रपाळीनंतर कागद भरणाऱ्या परिचारिकेच्या बाबतीत ही दक्षता मला फार शहाणपणाची वाटते!

परंतु हा कागद भरतात त्या कामावर उरलेल्या परिचारिका. ज्या विभागातून खचलेल्या जणी आधीच निघून गेल्या, तेथील सरासरी त्यामुळेच उंचावलेली दिसू शकते. व्यवस्थापनास मात्र तो विभाग कणखर वाटेल.

दुसरी उणीव भाराची. तारेला किती वजन टांगले हे नोंदवल्याशिवाय तिचे स्थितिस्थापकत्व शाळेच्या प्रयोगशाळेतही काढता येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. त्या रात्री तिच्याकडे प्रत्यक्षात किती खाटा होत्या, हे प्रश्नावली विचारत नाही. तो आकडा शेजारी नसेल, तर ६० गुण मिळवणारी ८० गुणांच्या परिचारिकेहून दुबळी कशी ठरवायची?

आणि निघून जाणे म्हणजे खचणेच, असेही नाही. त्या वर्षीच्या पावसाळ्यात शेजारणींपैकी एकीचा इंफाळहून फोन आला. खोलीत राहिलेल्या प्रेशर कुकरची चौकशी करायची होती. बोलता बोलता म्हणाली, “दादा, इथेही कोविड कक्षातच आहे.”